न विचारलेला नववा प्रश्न

"तुम्ही उत्तरं देताय की बेरीज करताय?" डॉक्टरांनी विचारलं.

 धाराशिवच्या एका दवाखान्यात ते मला झोप, भूक, उत्साह असे नऊ प्रश्न विचारत होते. हेच प्रश्न मी एका संस्थेची मानसिक आरोग्य कार्यकर्ती म्हणून सहा वर्षं कळंब तालुक्यातल्या गावांत घरोघरी विचारत आले. किती गुणांवर माणसाला डॉक्टरकडं धाडायचं ते मला तोंडपाठ, म्हणून मी बरोबर त्याच्या खाली राहत होते. डॉक्टरांनी कागद उलटा ठेवला. "आता नुसतं सांगा," म्हणाले. मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले.

"हे डिप्रेशन आहे. त्याआधी बराच काळ बर्नआउट असणार."

डिप्रेशन म्हणजे नैराश्याचा आजार, हे मीच लोकांना समजावत असे. बर्नआउट म्हणजे कामानं माणूस आतून संपून जाणं. हे मात्र आम्हाला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

येरमाळ्याची एसटी दिसली की मी मुद्दाम मागं राहायचे, ती सोडून पुढची धरायचे. गावात मला 'टेन्शनवाल्या मॅडम' म्हणत. आधी हसू यायचं, मग चीड येऊ लागली. समोर बाई रडायला लागली की माझी नजर घड्याळाकडं जाई. रडणाऱ्या माणसाचा राग येणं, हे माझं पहिलं लक्षण. तुम्ही हे काम करत असाल आणि असं होत असेल, तर स्वभाव बिघडला म्हणून सोडून देऊ नका.

नववा प्रश्न मरणाचा असतो. जगू नये, जिवाचं काही करून घ्यावं असं वाटतं का? 'हो' आलं की घरच्यांना बोलवा, डॉक्टरांना फोन लावा, बाईला एकटं सोडू नका. एवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं. म्हणून मी तो विचारणंच बंद केलं. आठ विचारायचे आणि नवव्याला 'नाही'वर खूण करायची. लाज वाटते, पण असंच केलं.

येरमाळ्याजवळच्या एका गावातल्या मंगलचा कागदही मी असाच भरला. चार दिवसांनी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. जावेच्या वेळेवर लक्षात आलं, म्हणून वाचली.

"तू विचारलं होतंस, तिनं लपवलं. मनाला लावून घेऊ नकोस," आमच्या वरिष्ठ ताई म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यानंतर झोप गेली, घास उतरेना, आणि महिनाभरात मी दवाखान्याच्या बाकावर होते.

तिथं माझाच एक जुना पेशंट भेटला. "मॅडम, तुमी बी?" "व्हय बाबा, मी बी." त्यानं सरकून जागा दिली.

गोळ्या लागू पडायला तीन आठवडे गेले. झोप परत आली, भूकही लागू लागली, पण मंगलचा कागद डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "यावर माझ्याकडं गोळी नाही. जिथं सांगायला हवं, तिथं सांगा."

ताईंना सांगितलं. "असे किती कागद?" त्यांनी विचारलं. मला आठवेना. त्या माझ्यावर ओरडल्या, ते बरोबरच होतं. गावं काढून घेतली. दोन सहकारी ती सगळी घरं पुन्हा फिरल्या.

मग ताईंना घेऊन मंगलकडं गेले. ती ओसरीवर तूर निवडत होती. मी म्हणाले, "मंगल, तो मरणाचा प्रश्न मी तुला विचारलाच नाही. तसंच 'नाही' लिहिलं."

तिचा हात थांबला नाही.

"ठाव हाय की. मागल्या खेपेला तुमी इचारलं व्हतं, तवा म्या न्हाय म्हणले. ह्या खेपेला सांगनार व्हते, वाट बघत व्हते. पर तुमचं तोंड बघितलं. म्हणलं, बाई लई दमलीय, हिला आनखी कशाला तरास."

मरायला निघालेली बाई मला जपत होती. 

ती जगली याबद्दल मी तिच्या जावेची जन्माची ऋणी आहे. आता मला पुन्हा गावं मिळाली आहेत, पूर्वीपेक्षा निम्मी. एखाद्या सकाळी आतून काहीच उरलेलं नसलं, तर ताईंना तसं सांगते आणि घरी थांबते. दमलेलं तोंड घेऊन कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाही.