कंबरेचा फोटो

परवा सुनेनं व्हिनेगरची बाटली उघडली आणि मला आळेफाट्याची डार्करूम आठवली. फिल्म धुण्याच्या पाण्याला असाच आंबट वास यायचा.

मी तेव्हा एक्स-रे शिकत होतो. पिंपळवंडीची एक नवी नवरी घसरून पडली, म्हणून सासरा तिला घेऊन आला. बाईमाणसाला आधी पाळीची तारीख विचारायची, हे सरांनी शंभरदा बजावलं होतं. पण सासऱ्यासमोर माझी जीभ रेटेना. तसाच कंबरेचा फोटो काढून मोकळा झालो.

ओली फिल्म तारेला अडकवत होतो, तेवढ्यात ती एकटीच दाराशी आली.

"भाऊ, घरी अजून कुनाला सांगितलं नाय. पोटातल्याला काय व्हनार नाय ना?"

"काय व्हत नाय," मी फिल्मकडे बघतच म्हणालो.

ती हसली. तेवढं हसू मला अजून सोसत नाही.