दत्तूमामाचा डावा अंगठा

दत्तूमामाचा डावा अंगठा कधी स्वस्थ बसायचा नाही. चहाचा कप उजव्या हातात आणि डाव्या बोटांत केरसुणीची काडी. अंगठा ती काडी हळूहळू पुढं सारायचा; संपली की मागं ओढून पुन्हा तेच. उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्यात डेअरीच्या स्टीलच्या टाक्या व्हायच्या. मी तिथं सुपरवायझर आणि मामा, सगळ्या कारखान्याचाच मामा, आर्गन वेल्डर. उजव्या हातात वेल्डिंगचा टॉर्च धरायचा, डाव्या हातानं वितळत्या धातूत तार सोडायची. ते सोडणं अंगवळणी पडायला मामाची सहा वर्षं गेली होती. "उजवा हात गडी हाय, डावा मालक," असं तो सांगायचा.

तोंडानं फटकळ. माझ्या डिप्लोमाची त्याला काडीची किंमत नव्हती. एकदा मी त्याच्या जोडावरून नख फिरवून बघितलं, तर म्हणाला, "दूध अडकून नासंल असा जोड मी मारत न्हाय. नख घरी कापा जावा." मी गुमान निघून आलो. जोड खरंच आरशासारखा होता.

ऐंशी सालानंतर मालकांनी नवं मशीन आणलं. टॉर्च माणसानंच धरायचा, पण तार रिळावरून आपोआप यायची. पुण्याहून आलेला माणूस दोन दिवस झटला, तरी कुठं तार अडकायची, कुठं ढेकूळ व्हायचं. मालक मला म्हणाले, मामाच्या हाताचा वेग मोज आणि मशीन त्यावर लाव.

मी घड्याळ घेऊन तीन दिवस मामाशेजारी बसलो. आपल्या कामाचं कौतुक चाललंय असं वाटून तो इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला. कशापायी मोजताय, असं त्यानं एकदाच विचारलं. नव्या लोकांना शिकवायला, असं मी सांगितलं. खोटं बोललो मी, दुसरं काय! त्यावर मला नीट दिसावं म्हणून त्यानं हात सावकाश केला.

"वळणावर अंगठा जरा थांबतोय बघा," तो म्हणाला. "ते बी लिवा."

मी तेही लिहिलं.

मशीन लागलं. महिन्याभरापूर्वी कामावर आलेल्या माणसानं त्यावर पहिला जोड मारला. मामानं त्यावरून बोट फिरवलं, वळणाशी थांबला. "ही माझी चाल हाय," म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मामालाही मशीनवर उभं केलं होतं. पण रिकामा डावा हात हवेतच तार सोडत राहिला, त्या नादात उजवा चुकला आणि जोड वाकडा गेला. मग त्याला पॉलिशला बसवलं. सहा वर्षांची विद्या आता महिन्यात येत होती, आणि ज्याची विद्या तो भांडी घासल्यासारखा टाक्या घासत होता. दिवाळीआधीच तो काम सोडून गावी, गडहिंग्लजकडं निघून गेला.

दोन वर्षांनी तो आजारी असल्याचं कळलं. माझं धाडस होत नव्हतं, तरी एसटीनं गेलो. मामा वाकळ पांघरून पडला होता, पार वाळला होता. वाकळेचा सुटलेला दोरा डाव्या बोटांत होता आणि अंगठा तो पुढं सारत होता.

त्यानं मला ओळखलं. मग डावा हात माझ्यापुढं धरला.

"मोजा की, सायेब. चाल अजून तीच हाय."

घड्याळही तेच होतं, माझ्या मनगटावर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शर्टाची बाही खाली ओढली, पण त्याचे डोळे आधीपासून तिथंच होते.