सुतारकाका आणि त्यांचं शरीर

सुतारकाकांच्या हिशेबी त्यांच्या घरात तीन माणसं राहायची: काकू, ते स्वतः आणि त्यांचं शरीर. "मी वेगळा, शरीर वेगळं," हे त्यांनी तरुणपणी कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं आणि कायमची खूणगाठ बांधली. एवढं सोयीचं तत्त्वज्ञान सोडतो कोण?

सकाळी काकू हाका मारून दमल्या की पांघरुणातून आवाज यायचा, "अगं, मी केव्हाचा उठलोय. हेच उठत नाही!" कपाटासाठी खेटे घालून गिऱ्हाईक वैतागलं की काका म्हणायचे, "माझा सगळा जीव तुमच्या कपाटात आहे हो, पण हात ऐकतील तर शपथ." बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त झाला, तरी तो पोटानं खाल्लेला असायचा; काका त्या गावचेच नसायचे. काकू कपाळाला हात लावायच्या.

एके दुपारी त्याच कपाटाला खिळा ठोकताना हातोडी नेमकी अंगठ्यावर बसली. काकांनी अशी बोंब ठोकली की समोरचा शिंपी मशीन सोडून धावत आला. काकू मात्र सावकाश दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोणाला लागलं हो? तुम्हाला की त्याला?"

काका अंगठा धरून नाचत होते. "दोघांनाही! अगं, दोघांनाही लागलंय!"

काकूंनी अंगठा थंड पाण्यात बुडवला, फुंकर घातली आणि चिंधी घट्ट बांधली.

"झाला ना एकदाचा समेट? मग उद्यापासून दोघांनीही एकाच हाकेला उठायचं."