मार्टाचा पाळणा

राग्ना ट्वेटनला गावात कुणी वाईट म्हणत नसे. चर्चच्या तळघरातली कॉफी असो, नाहीतर कुणाच्या मयतानंतरचं जेवण, राग्ना सगळ्यांआधी हजर. फक्त वर्ना हॉगलंडचं नाव निघालं की तिचं तोंड आंबट व्हायचं.

गावाचं नावच मुळी हॉगलंड. वर्नाच्या आजोबांनी बांधलेलं लाकडी घर गावानं जपलं, त्याचं म्युझियम केलं आणि दारावर 'पहिल्या वसाहतकऱ्यांचं घर' अशी पाटी लावली. खरं तर ट्वेटन मंडळीही त्याच वसंतात, त्याच बैलगाड्यांच्या रांगेत नॉर्वे सोडून इथे अमेरिकेतल्या डाकोटात पोचली होती. पण त्यांनी घर बांधलं ते गवताळ मातीच्या ढेकळांचं. पंधरा वर्षांत ते बसलं आणि नांगराखाली गेलं. आता तिथे सूर्यफुलं लागतात.

तरी दर शनिवारी म्युझियम झाडायला राग्नाच जायची. वर्ना पाहुण्यांना आपल्या आजीच्या गोष्टी सांगायची, लोक तिचे फोटो काढायचे. राग्ना कंदिलाच्या काचा पुसत ऐकायची. फडकं जरा जास्तच जोरात फिरायचं.

त्या मे महिन्यात जमिनीला मेण लावताना तिनं 'हॉगलंड कुटुंबाचा पाळणा' आडवा केला. तळाशी कोरलं होतं : ओ. टी. १८८३. टी-ला खाली वळणदार शेपटी. तसाच टी तिच्या घरी आजोबांच्या, ओलाफ ट्वेटनच्या, हत्यारपेटीवर होता.

राग्नाला राग आलाच, पण त्याहून जास्त झाला तो आनंद. सापडली एकदाची वर्ना! तिनं तीन आठवडे कुणालाही सांगितलं नाही. स्थापनादिनाला घर माणसांनी भरू दिलं.

"ह्याच पाळण्यात माझे वडील वाढले," वर्ना सांगत होती.

"थांब गं जरा, वर्ना," राग्ना पुढे आली. "तो उलटा करून दाखव की. खाली माझ्या आजोबांची अक्षरं आहेत. आमचा पाळणा तुमचा कधी झाला, तेही कळू दे पाहुण्यांना!"

पाद्रीबाबांचा केकचा घास हातातच राहिला. वर्ना मात्र चिडली नाही. तिनं राग्नाचा दंड धरून तिला मागच्या स्वयंपाकघरात नेलं.

"मला ठाऊक आहे ते," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे? आणि वर पाटी तुमच्या नावाची?"

"अगं, तुझ्या आजीची पहिली मुलगी घटसर्पानं गेली. पाळणा डोळ्यांसमोर नको म्हणून तिनं स्वतः आणून दिला. कुणाला सांगू नका म्हणाली. माझ्या आजीनं मरताना मला सांगितलं. तुला... माहीत नव्हतं?"

राग्ना आजीच्या मांडीवर वाढली होती. आजीनं ह्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"नाव काय होतं तिचं?"

"मार्टा."

घर त्यांचं, गावाचं नाव त्यांचं, हे राग्नाला एक वेळ गिळता आलं असतं. पण तिच्या आजीचं दुःखसुद्धा हॉगलंडांकडेच जाऊन राहिलं होतं, आणि नातीला त्याचा पत्ता नव्हता.

"आणखी काय सांगितलंय तुझ्या आजीनं? सगळं सांग. काही ठेवून घेऊ नकोस."

वर्नानं सांगितलं. मार्टा चौदा महिन्यांची होती, केस तांबूस. राग्नाची आजी पाळणा पाठीवर बांधून दीड मैल चिखलातून चालत आली. आत आलीच नाही, दारातच उभ्यानं कॉफी प्यायली. एकेक गोष्ट राग्ना हक्काच्या वस्तूसारखी मागून घेत होती, आणि प्रत्येक वेळी, ही आपल्या आधी हिला कळलेली, ह्या विचारानं जळत होती.

पाळण्यावरची पाटी बदलली. नवी राग्नानं स्वतःच्या अक्षरात लिहिली. सप्टेंबरात तिनं दफनभूमीत आजीशेजारी मार्टाच्या नावाचा लहानसा दगड बसवून घेतला. अंगणातली चार फुलं घेऊन ती एकटीच तिथे गेली, तर मागून वर्ना येताना दिसली. हातात डेलियाचा हा एवढा थोरला गुच्छ.

"येऊ ना गं?" वर्नानं फाटकातूनच विचारलं.

"आलीच आहेस, तर ये."

राग्नानं सरकून तिला जागा करून दिली. पण आपली फुलं पुढे ठेवली.