जिजानं पॅटर्न बदलला, तरीही

लेकराच्या टॅबला तुम्ही घातलेलं कुलूप नक्की कुणाच्या हातानं उघडतं? घाईनं ‘माझ्याच’ म्हणू नका. कडावची जिजाही तसंच म्हणाली होती, तीही छातीवर हात मारून.

जिजा म्हणजे गोठेवाली जिजा. दावणीला सहा म्हशी. नवरा हरी टेंपोनं वाशीच्या मार्केटला भाजी वाहतो, तो घरी असून नसल्यासारखाच. म्हशी, डेअरी सोसायटीचं दूध, फार्महाऊसवाल्यांचे रतीब आणि सातवीतली लेक अबोली, सगळा गाडा जिजाच्या अंगावर. बाई कामाला वाघ. आणि स्वभावानं संशयी, हेही सांगून टाकलेलं बरं. पेंडीचं पोतं आलं की आधी शिवण तपासणार. सोसायटीत दूध घालताना काट्यावरची नजर हलवणार नाही. शेजारच्या सुनंदानं उगाच कौतुक केलं, तर हिला आता काय पायजे असंल, म्हणून दिवसभर डोकं खाणार. यात तिचा दोष काढायला जीभ रेटत नाही. एकटीनं धंदा करणाऱ्या बाईला लुबाडायला टपलेली माणसं या तालुक्यात पैशाला पासरी मिळतात.

टॅब आला क्लाससाठी. आता क्लासवाले धडे टॅबवरच देतात, घ्यावाच लागतो. हरीनं आणला आणि मोकळा झाला. जिजानं मात्र त्याच दिवशी तो पिशवीत घालून कर्जत गाठलं. स्टेशनाजवळ सिद्धांतचं मोबाईलचं दुकान आहे. त्यानं टॅबवर पालकांचं नियंत्रण बसवून दिलं.

“काकी, ठरलेला वेळ संपला की टॅब आपोआप बंद. वाढवून पायजे असंल तर फक्त तुमच्या फोनवरनं. तुमी हो म्हणाल तरच.”

“आणि मी नाय म्हणले तर?”

“तर बसंल बोंबलत.”

जिजा खूश. पण अबोली काही बोंबलली नाही. पोर शांत राहिली आणि तिथंच जिजाला खटकलं. ज्या पोरीला दह्यात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घेता येतं, ती टॅब बंद झाला तरी गप्प कशी?

गप्प होती, कारण टॅब बंद होतच नव्हता. अबोलीची मावसबहीण सानवी खालापूरला असते, दोघी एका वयाच्या. सानवीनं फोनवर सांगितलं, टॅबचं घड्याळ मागं कर, त्याला वाटतं अजून सकाळच आहे. झालं. जिजाला हे कळलं ते टॅबवर भलतीच वेळ दिसली म्हणून. तिनं पोरीला विचारून सगळं वदवून घेतलं आणि तडक सिद्धांतकडे. त्यानं घड्याळ बंदिस्त केलं. मग दोघींनी दुसरी वाट काढली. क्लासच्या ॲपला वेळेचं बंधन नव्हतं, अभ्यासच तो. तर एका धड्याच्या तळाशी एक व्हिडिओ होता, त्यावर बोट दाबलं की तिथून पुढे हवा तो व्हिडिओ बघता यायचा. आई डोकावली तर वर क्लासचंच नाव. एकदा धड्यातून गाणं ऐकू आलं, तेव्हा जिजानं पोरीला विचारून तेही काढून घेतलं आणि पुन्हा कर्जतला. सिद्धांतनं तेही बुजवलं आणि हसून म्हणाला, “काकी, पोरगी वकील होणार तुमची.”

“हसतोस काय रं? तुझ्या घरी जन्मली असती तर कळलं असतं.”

त्यानंतर काही आठवडे बरे गेले. मग एक दिवस जिजाच्या फोनवर टॅबच्या वापराचा आठवड्याचा हिशेब आला. जिजा नववी शिकलेली, सावकाश पण सगळं वाचते. लिहिलं होतं, पालकानं वेळ वाढवून दिला. आणि एकदा नाही, रोज संध्याकाळी.

कोण पालक? हरी वाशीत. जिजा तर संध्याकाळी धारेला बसलेली, नाहीतर स्कूटीवर कॅन घेऊन सोसायटीत. फोन मागं घरीच राहायचा. एकदा गाडीवरून पडून काच फुटली होती, तेव्हापासून गोठ्याच्या कोनाड्यात. रतीबवाल्यांचे फोन अबोली घ्यायची. पण फोन घेणं वेगळं आणि उघडणं वेगळं. उघडायला पॅटर्न लागतो आणि पॅटर्न जिजाच्या डोक्यात.

जिजाच्या आणि वनिताच्या.

वनिता वरच्या आदिवासी ठाकूरवाडीतली. गोठ्यात शेण काढायची, वैरण टाकायची आणि धारा काढायची. एकदा जिजाचे हात दुधानं बरबटलेले असताना जिजानंच तिला सांगितलं होतं, “इंग्रजी एलसारखं काढ, उघडंल.” एवढ्यावर जिजाचा संशय उभा राहिला आणि मग त्याला जे सापडेल ते खायला घातलं तिनं. वनिता अबोलीच्या शेजारी टेकून टॅबमध्ये बघून हसली होती. वनिता एकदा म्हणाली होती, “वैनी, शाळा, क्लास, पुन्हा तुमचे रतीब. बघू द्या की पोरीला घडीभर.” म्हणजे ठरलंच.

जिजानं पॅटर्न बदलला. पुढच्या आठवड्यात हिशेब तोच. तिनं पुन्हा बदलला, भिंतीकडे तोंड करून. तरीही तेच. आता नवा पॅटर्न वनिताला कळणार कसा, हा प्रश्न कुणालाही पडला असता. जिजालाही पडला. तिनं उत्तर काढलं की ही बया म्हशीच्या आडून बघते.

संशयाला कुलूप लागत नाही ते असं.

तिसऱ्यांदा बदललेला पॅटर्नही फसला, त्या दिवशी जिजाचा तोल गेला. वनिता शेणाची पाटी उचलत होती. अबोली ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती.

“वनिता, फोनला हात का लावतीस गं माझ्या?”

“कुनाच्या? मी?”

“नाय, चंद्री म्हस उघडते ना पॅटर्न! पोरीला टॅब कोन चालू करून देतं?”

वनितानं पाटी खाली ठेवली. “वैनी, मला माझ्या फोनातलं धड समजत नाय. तुमच्यात काय करू?”

“एल काढायला बरा समजला होता.”

“ते तुमीच सांगितलंवता.”

“मंग आता कुनी सांगितलं? खरं बोल, नायतर उद्यापासनं येऊ नको.”

वनितानं अबोलीकडे बघितलं. अबोलीनं मान वर केली नाही. मग वनितानं हौदावर हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “उद्यापासनं कशाला? ही चालले.” पाटी तिथंच राहिली.

ओट्यापलीकडे सुनंदा कपडे वाळत घालत होती. तिनं ते ऐकलं आणि गावभर केलं, आणि करताना वाढवलं. जिजाच्या कामवालीनं चोरून फोन उघडला, हे झालं पहिल्या घरी. पोरीला नाही नाही ते दाखवलं, हे झालं चौथ्या घरी. गिरणीपर्यंत पोचेस्तोवर वनितानं फोनवरून पैसेही काढले होते. वनिताला एका मोठ्या गोठ्यावर काम मिळत होतं, त्या गोठेवाल्यानं सांगितलं, नको बाई, आमच्या घरात पोरी हायत. फार्महाऊसच्या रखवालदारानंही फाटकातून परतवलं. वाडीतल्या बाईचं नाव गावात एकदा खराब झालं की तिला साधं विचारायलाही कुणी येत नाही, खरं काय झालं म्हणून. जिजाच्या कानावर हे सगळं येत होतं. ती म्हणायची, मी कुठं पैशाचं बोलले? पण नाही, असं झालं नाही, हेही कुणाला म्हणाली नाही.

इकडे चंद्री म्हैस वनिताच्या हाताला सोकावलेली, ती जिजाला पान्हा सोडीना. आणि फोनवर हिशेब आला. वनिता गेली, तरी वेळ वाढलेलाच.

जिजानं फोन उचलला आणि कर्जत गाठलं. सिद्धांतच्या काउंटरवर आपटला. “ह्याला असं कुलूप लाव का मेल्यावरबी उघडू नये!”

सिद्धांतनं कुलुपाची सेटिंग उघडली. “काकी, तुमी पॅटर्नच बदलत बसलाय. अंगठ्याचं काय? अंगठा तसाच हाय.”

“कसला अंगठा?”

“ह्याच्यात एक ठसा नोंदलेला हाय. पॅटर्न शंभरदा बदला, अंगठ्यानं उघडनारच. लावा बघू तुमचा.”

जिजानं लावला. फोन थरथरला, उघडला नाही. पुसून लावला, दुसरा लावला, नाही. वैरण कापून आणि सोड्यानं कॅन घासून जिजाच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच गेल्यात. रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा लागत नाही, तिथं हरीला जावं लागतं.

“मंग ह्यो कुनाचा?” सिद्धांतनं विचारलं आणि लगेच तोच म्हणाला, “थांबा. हितनंच फोन घेतला तवा तुमचा उमटत नव्हता ना? मागं लाईन लागलेली. तुमीच म्हनालात, पोरीचा टाक.”

जिजाला आठवलं. तिनंच म्हटलं होतं. अबोलीचा हात धरून तिनंच काचेवर टेकवला होता आणि वर म्हणाली होती, हिचा काय, माझा काय, एकच. पुढे जिजा पॅटर्ननंच फोन उघडत राहिली आणि ठसा विसरून गेली. अबोली विसरली नव्हती.

घरी आल्यावर जिजानं टॅब काढून घेतला नाही, हातही उगारला नाही. नुसता फोन पुढे धरला. “लाव अंगठा.”

अबोलीनं लावला. उघडला.

“वनितावर मी आळ घेतला, तवा तू तिथं बसलीवतीस. तुला तोंड नव्हतं?”

“तू मला इचारलंस कुठं?” अबोली रडत होती, पण उत्तर तयार होतं. “घड्याळाचं झालं तवा मला इचारलंस. धड्याचं झालं तवा मला इचारलंस. ह्या टायमाला तू वनितामावशीलाच इचारलंस.”

पोरगी लबाड, त्यात वाद नाही. तिला दिसत होतं आई कुठं बघतेय, आणि आई तिकडं बघतेय तोवर तिचा खेळ चालू होता. पण नजर भलतीकडे ठेवली होती ती जिजानं.

दुसऱ्या दिवशी जिजा अबोलीला घेऊन ठाकूरवाडीत गेली. वनिता अंगणात सरपण फोडत होती. अबोलीनं सगळं सांगितलं, घड्याळापासून अंगठ्यापर्यंत. वनितानं ऐकून घेतलं. कोयता बाजूला ठेवला, पण बसा म्हणाली नाही.

“पोर हाय ती. तिचं सोडा,” ती म्हणाली. “तुमचं बोला, वैनी.”

“चुकलं माझं. कामाला ये. चंद्री हातच लावू देत नाय.”

“हितं कशाला सांगता? हितं वाडीत मला चोर कोन म्हंतं? खाली गावात सांगा, जिथं बोललात तिथं. मंग बघू कामाचं.”

जिजा मानी बाई. उतरताना तिचं तोंड लाल झालं होतं. पण ती घरी गेली नाही, सरळ सुनंदाच्या दारात गेली. तिथून गिरणीवर, तिथून सोसायटीत, तिथून त्या गोठेवाल्याकडे. प्रत्येक ठिकाणी अबोलीला पुढे करून अंगठ्यानं फोन उघडून दाखवला. लोकांनी बघितलं, मान डोलावली, आणि पाठ फिरताच म्हणाले, हिला धारेला बाई पायजे म्हनून बोलती. सुनंदा तर तोंडावर म्हणाली, “जाऊ दे गं जिजा. धूर दिसतोय म्हंजी कुठंतरी काडी लागलेलीच असंल की.”

आळ घ्यायला जिजाला एक वाक्य पुरलं होतं. ते मागं घ्यायला ती अजून दारोदार फिरतेय. वनिता अजून आलेली नाही. तिला काम नाही.

तेव्हा कडाव, दहिवली, चौक, खालापूर, कुठंही असाल आणि वनिताबद्दलची ती गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल, तर एवढं करा. ज्यानं तुम्हाला सांगितली, त्याच्याकडे आजच जा आणि सांगा की वनितानं काहीही केलेलं नाही. आणि तुमच्या गोठ्यावर हात कमी पडत असतील, तर तिला बोलवा.