हिरीने वेगळे काढलेले अकरा तुकडे

हिरी ठाकरीण शाळेत गेली नाही. मोळ्या वाहून तिने दोन मुली वाढवल्या. दगड मात्र तिला कळायचा. मी तीस वर्षं रस्त्यावर खडी फोडली, तरी तिच्याइतका मला कळला नाही.

१९९८ च्या थंडीत, म्हशाची जत्रा उठल्यावर, मुरबाडकडच्या तिच्या वाडीवर शहरातले एक संशोधक साहेब आले. हजारो वर्षांपूर्वीच्या बाणांची दगडी टोकं शोधायला. मी खणायला, हिरी धुवायला. नखाएवढे गारगोटीचे तुकडे. साहेब आकार बघून वाटणी करायचे: तिकोनी, चंद्रकोरी, पानासारखे. हिरी आधी धार चाचपायची.

"ह्याचं टवके हातानं काढल्यात. ह्यो नुसता फुटलेला."

आठ दिवसांत साहेब तिला विचारल्याशिवाय तुकडा डब्यात टाकेनात.

नवव्या दिवशी हिरीच्या पडलेल्या जुन्या घराच्या ओट्याजवळ खणलं. वरच्याच मातीत अकरा तिकोनी तुकडे. साहेब खूश. हिरीने ते धुऊन वेगळे ठेवले.

"सायब, हे बाणाचं नाय. माझ्या बापाच्या चकमकीचं. हितं बसून बिडी पेटवायचा."

"हिरीबाई, तुम्ही धुवा. ओळखायचं आम्ही बघतो."

"बघा तरी. कड ठेचल्याय. पोलादाचा काळा ओरखडा हाय. जुन्याला वर पांढरी साय असते, ह्याला कुठंय?"

"मग तुझा बाप अश्मयुगातला असेल."

बरोबरची माणसं हसली. हिरी घरी गेली. बापाची पोलादी पट्टी आणि सावरीचा कापूस घेऊन आली. अकरातला एक उचलला. तिसऱ्या ठोक्याला कापूस धुमसला. माझ्या कानावरची बिडी काढून तिने पेटवली आणि साहेबांपुढे धरली.

"घ्या. बाणानं पेटवली."

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. कारण सांगितलं, बाई वस्तू खराब करते. मी खणत राहिलो. मला तोंड होतं, ते मी उघडलं नाही. त्याची चीड अजून जात नाही.

२००४ साली शहापुरात त्या साहेबांचं प्रदर्शन भरलं. काचेखाली तेच अकरा तुकडे, एकाची कड हिरीच्या ठोक्याने उडालेली. खाली चिठ्ठी: 'बाणांची टोकं, अश्मयुग'. सहा वर्षं त्या माणसाने तिचं बोलणं तपासलंसुद्धा नव्हतं. एक भिंग लावायचे कष्ट!

मी वाडीवर जाऊन सांगितलं. हिरीने विचारलं, "अकराच ना?"

"अकराच."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. पदराची गाठ सोडली आणि पोलादी पट्टी काचेवर ठेवली. पहारेकरी धावत आला.

"ओ बाई, हे काय?"

"ही बी ठेवा," हिरी म्हणाली. "त्याच बापाची हाय."