गोडाला तोंड न लावता चढलेली साखर

पहिली चूक मी केली ती डॉक्टरांशी घासाघीस करण्याची. "जेवायला बसल्यापासून दोन तासांनी साखर एकशे ऐंशीच्या आत हवी," ते म्हणाले. मी भाजीबाजारातल्या सवयीने म्हटलं, "सणावारी दोनशे धरा की!" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आठवडाभर मोजून आणा. नाही जमलं, तर इन्सुलिन." (सुईला मी इतका भितो, की बोट टोचतानाही डोळे गच्च मिटून घेतो!)

आठवड्याचा शेवटचा दिवस नेमका पोंगलचा! तोवर बायकोने, जयंतीने, रोज मूठभर भात आणि डोंगरभर कीरैची भाजी वाढून आकडा आत ठेवला होता. सणालाही तेच. घरभर गूळ-तुपाचा घमघमाट आणि माझ्या पानात पालेभाजी! पण मी डगमगलो नाही. उलट जेवणानंतर शेजाऱ्यांना सक्करै पोंगल वाटायचं काम आपणहून घेतलं. तो गुळाचा भात पळी सोडता सोडत नाही, म्हणून बोटाने निपटून केळीच्या पानांवर घालत होतो. एक शीतही तोंडात टाकलं नाही. असा त्याग तंजावुरात आजवर कुणी केला नसेल!

तेवढ्यात जयंतीच्या मोबाइलचा गजर वाजला. दोन तास झाले! मी ऐटीत बोट नेसलेल्या वेष्टीला पुसलं, टोचलं.

चारशे बारा.

"अय्यो! न खाता चारशे?" मी मटकन खाली बसलो.

"नुसत्या वासानंही चढते हो," पोंगल न्यायला आलेल्या मंगळम मामी म्हणाल्या. "माझ्या नणंदेला चढायची!"

"अण्णा, ऊठ, गाडी काढतो!" धाकटा भाऊ माधव किल्ली घेऊन धावला.

"अप्पा, चक्कर येतेय का?" लेकीने विचारलं. तोवर येत नव्हती. लगेच आली! मी भिंतीला टेकून माधवला घर सांभाळण्याविषयी चार शब्द सांगू लागलो.

जयंतीने माझा हात ओढून हुंगला.

"हात धुतलात?"

"पुसला की!"

तिने लहान पोराला न्यावं तसं मला नळावर नेलं, साबण लावून हात खसाखसा धुतले, कोरडे केले, साखर मोजायच्या यंत्रात नवी पट्टी घातली. मी डोळे मिटले.

"एकशे छप्पन्न," जयंती म्हणाली आणि माझ्याशेजारीच जमिनीवर बसली. तेव्हा कुठे मला दिसलं, माझा हात तिने अजून घट्ट धरून ठेवला होता. इन्सुलिन टळलं ते माझ्या त्यागाने नव्हे, तिच्या त्या मूठभर भाताने. तिला काहीतरी छान म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "अगं, एकशे ऐंशीला अजून चोवीस शिल्लक आहेत. एक चमचा पोंगल...?"

पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "चारशेचा पोंगल होता की बोटावर! धुवायच्या आधी चाटायचा होता."